हॉर्सपॉवर, किलोवॅट, केव्हीए : एका मोटारीची तीन मापे

कारखानदार मोटार घेतो हॉर्सपॉवरवर, वीज जोडणीचा अर्ज भरतो किलोवॅटमध्ये आणि भार 20 किलोवॅटच्या वर गेला की मागणी आकार भरतो केव्हीएवर. माल एकच, मापे तीन!

5 हॉर्सपॉवरची मोटार घ्या. एक हॉर्सपॉवर म्हणजे 746 वॅट, म्हणून पाटीवर 3.7 किलोवॅट लिहिलेले असते. परंतु ही दांड्यावर मिळणारी शक्ती झाली. मोटारीची कार्यक्षमता 85 टक्के धरली तर ती तारेतून सुमारे 4.4 किलोवॅट ओढते. पॉवर फॅक्टर 0.8 असेल तर तोच आकडा 5.5 केव्हीए होतो. तिन्ही आकडे खरे आहेत. मात्र कोणता आकडा कोठे लिहिला, यावर कारागिराचा खिसा ठरतो. लघुदाब औद्योगिक दरात 20 किलोवॅट, म्हणजे सुमारे 27 हॉर्सपॉवर, ही सीमा आहे. तिच्या आत स्थिर आकार जोडणीमागे लागतो, बाहेर गेल्यावर केव्हीएप्रमाणे.

हा घोळ कारखान्यापुरता असता तर ठीक होते. राज्याच्या हिशेबातही तो शिरला आहे. शेतीपंपांना मीटर नसल्याने आकारणी हॉर्सपॉवरवर झाली आणि वापर अंदाजाने धरला गेला. समजा, 5 हॉर्सपॉवरचा पंप वर्षात 1,500 तास चालला असे धरले, तर सुमारे 5,595 युनिट होतात. प्रत्यक्षात तो 1,000 तासच चालला असेल तर 3,730. मधली 1,865 युनिटे गेली कोठे? कागदावर ती शेतकऱ्याने वापरली. वास्तविक ती गळती किंवा चोरी. 1990 च्या दशकात राज्य वीज मंडळ गळती 15 ते 18 टक्के सांगत असे. सन 2000 मध्ये वीज नियामक आयोगासमोर हिशेब उलगडला तेव्हा ती तिसाच्या घरात निघाली. एकही तार बदलली नव्हती, फक्त ‘शेतीचा वापर’ कशाला म्हणायचे ते बदलले!

आपल्या जिल्ह्याला ही गोष्ट नवी नाही. श्रीरामपूर, राहुरी भागात मुळा-प्रवरा सहकारी वीज संस्था 1970 च्या सुमारास सुरू झाली. मंडळाकडून घाऊक वीज घेऊन ती गावोगाव वाटत असे. घेतलेली वीज मीटरवर मोजली जाई आणि विकलेल्या विजेचा मोठा भाग पंपांच्या अंदाजावर. अशा व्यवहारात थकबाकीचा वाद मिटणे अवघडच. फेब्रुवारी 2011 पासून तेथील वीजवाटप महावितरणकडे गेले.

कोळशाचेही तसेच. 2012 पूर्वी आपल्याकडे प्रतवारी ‘उपयुक्त उष्णता मूल्या’वर होती, नंतर ती ‘एकूण उष्मांक मूल्या’वर आली. जुना-नवा आकडा शेजारी ठेवून तुलना करणारा फसतो. उद्या वीज किती लागेल याचे गणित मांडणाऱ्या तज्ज्ञांची हीच अडचण आहे. कोणी आर्थिक वर्ष धरतो, कोणी जानेवारी ते डिसेंबर. कोणी केंद्रात तयार झालेली वीज मोजतो, कोणी ग्राहकापर्यंत पोहोचलेली. जर्मनीतील संशोधकांनी म्हणूनच ऊर्जेच्या संज्ञांचा सामाईक कोश तयार केला आहे. आपल्याकडे या गणितावरच दर ठरतात आणि शेतीच्या सवलतीचा काही भार उद्योग व दुकानांच्या दरावर पडतो.

तेव्हा व्यापारी बंधूंनी बिल हाती येताच ‘मंजूर भार’, ‘संलग्न भार’ आणि ‘कमाल मागणी’ या तीन ओळी वेगवेगळ्या वाचाव्यात. मंजूर भार म्हणजे परवानगी, संलग्न भार म्हणजे जोडलेल्या यंत्रांची बेरीज, कमाल मागणी म्हणजे मीटरने त्या महिन्यात नोंदलेला सर्वाधिक भार. नवीन लेथ किंवा गिरणी बसविताना वायरमनकडून हिशेब कोणत्या मापात केला ते लेखी घ्यावे, आणि पॉवर फॅक्टर घसरला असेल तर कपॅसिटर तपासून घ्यावा.