न दिसणारी मोहोर

पाचशे रुपयांची नोट उजेडासमोर धरली की तिच्या कोऱ्या भागात महात्मा गांधींची फिकट प्रतिमा दिसू लागते. एरवी तिच्याकडे कोणाचे लक्षही जात नाही. मात्र नोटेचा खरेखोटेपणा पारखायचा असेल तेव्हा तीच साक्षीला येते. या खुणेला ‘जलचिन्ह’ किंवा ‘वॉटरमार्क’ असे म्हणतात. ती शाईने छापलेली नसते. कागद तयार होत असतानाच त्याची जाडी कमीअधिक करून ती घडवलेली असते. म्हणूनच ती खोडता येत नाही. म्हैसूर येथे नोटा छापणाऱ्या, १९९५ साली स्थापन झालेल्या कंपनीचे मुख्य कार्यालय बेंगळुरूत आहे.

याच बेंगळुरूतील गांधीनगर हा भाग कन्नड चित्रपट व्यवसायाचे केंद्र म्हणून ओळखला जातो. चित्रपटाची नक्कल करणे नोटेच्या नकलेहून कितीतरी सोपे असते, कारण संगणकावरील फाईलची प्रत मुळाबरहुकूम निघते. अनेकांच्या कष्टांतून उभे राहिलेले काम एका रात्रीत फुकट वाटले जाऊ शकते. तेव्हा अशा कलाकृतीवर मोहोर उमटवायची कशी?

याचे उत्तर चित्राच्या रचनेत आहे. संगणकावरील रंगीत चित्र असंख्य सूक्ष्म बिंदूंचे बनलेले असते. त्यांना ‘पिक्सेल’ म्हणतात. प्रत्येक पिक्सेलमध्ये लाल, हिरवा व निळा या रंगांची मूल्ये साधारणपणे ० ते २५५ या आकड्यांत नोंदवलेली असतात. समजा, लाल रंगाचे मूल्य १८० आहे. संगणक ते १०११०१०० असे लिहितो. यातील शेवटचे शून्य बदलून एक केले, तर मूल्य १८१ होते. हा फरक डोळ्यांना जाणवत नाही. मात्र त्या शेवटच्या अंकाच्या, म्हणजेच ‘बिट’च्या जागी आपल्या मजकुराचा एक बिट बसतो. हजार गुणिले हजार पिक्सेलच्या चित्रात अशा तीस लाख जागा असतात. देवनागरीतील एका चिन्हासाठी १६ बिट धरले, तरी त्यात १,८७,५०० चिन्हे मावतात.

या विद्येला ‘स्टेगॅनोग्राफी’ म्हणतात. सांकेतिक लिपीत संदेशाचा अर्थ लपवला जातो. येथे संदेशाचे अस्तित्वच लपवले जाते. ही कल्पना जुनी आहे. गुलामाचे मुंडन करून डोक्यावर संदेश गोंदल्याची आणि केस वाढल्यावर त्याला रवाना केल्याची हकिगत ग्रीक इतिहासकार हिरोडोटस याने नोंदवली आहे. आजही अधिक सुरक्षिततेसाठी संदेश आधी सांकेतिक करून मगच चित्रात दडवतात, कारण आकड्यांच्या बारकाईने केलेल्या तपासणीत दडवलेला मजकूर उघड होऊ शकतो.

मात्र शेवटच्या बिटमधील खूण नाजूक असते. फाईलचा आकार लहान केला की ती बहुधा पुसली जाते. त्यामुळे मालकीहक्काचे जलचिन्ह एकाच जागी न ठेवता संपूर्ण चित्रात किंवा ध्वनीत विखरून मिसळतात. डिजिटल चित्रपटगृहातील यंत्रणा चालू खेळाच्या दृश्यांत स्थळ आणि वेळ सांगणारी अदृश्य खूण घालते. कोणी चोरून चित्रण केले, तर त्या प्रतीवरून चित्रपटगृहाचा माग लागतो.

काही जलचिन्हे दृश्यही असतात. ऑगस्ट २०१७ मध्ये ‘गेम ऑफ थ्रोन्स’ या अमेरिकी मालिकेचा एक भाग प्रसारणापूर्वीच इंटरनेटवर पसरला. त्या प्रतीवर एका भारतीय वाहिनीसमूहाचे जलचिन्ह होते. पुढे या प्रकरणी भारतात चौघांना अटक झाली.

कायद्यानेही या मोहोरेची दखल घेतली आहे. प्रताधिकार अधिनियम, १९५७ मध्ये २०१२ साली कलम ६५-ख समाविष्ट करण्यात आले. त्यानुसार हक्कांविषयीची माहिती जाणूनबुजून, अधिकार नसताना काढून टाकणे वा बदलणे हा गुन्हा असून त्यासाठी दोन वर्षांपर्यंत कारावास व दंड होऊ शकतो.

तरीही एक गोष्ट ध्यानात ठेवली पाहिजे. जलचिन्ह चोराचा हात धरू शकत नाही. चोरी कोणत्या दारातून झाली, एवढेच ते सांगते. नोट उजेडासमोर धरणारा कोणीतरी असावा लागतो, तसेच फुकट मिळालेली प्रत हाती आल्यावर ती कोणाच्या श्रमाची आहे, हे विचारणारा प्रेक्षकही असावा लागतो.