सही कुणाची चालते?

पिंपळनेरसारख्या गावात घर बांधायला काढले की मालक आधी गवंड्याला विचारतो, मग ठेकेदाराला, आणि शेवटी नकाशावर सही करणाऱ्या इंजिनियरकडे जातो. बांधकाम व्यवस्थापन शिकून आलेल्या तरुणाची अडचण इथेच सुरू होते. कामाचे वेळापत्रक, खर्चाचा अंदाज, मालाची खरेदी, मजुरांची सुरक्षितता, हे सारे त्याला येते. पण सरकारदरबारी चालणारी सही त्याची नसते.

असे का? वास्तुविशारदांची नोंदणी १९७२ च्या कायद्याने होते. अभियंत्यांसाठी मात्र देशभर लागू असा कायदाच नाही. शेजारच्या गुजरातने २००६ मध्ये सिव्हिल अभियंत्यांपुरता आपला कायदा केला. आपल्याकडे परवाना देते ती नगरपालिकेसारखी स्थानिक संस्था. मुंबई आणि काही क्षेत्रे सोडून राज्यभर डिसेंबर २०२० पासून लागू झालेल्या एकत्रित विकास नियंत्रण नियमावलीत त्यासाठी सिव्हिल किंवा स्ट्रक्चरल शाखेचे शिक्षण मागितले आहे, 'किंवा समकक्ष'.

सगळी मेख या 'समकक्ष' शब्दात आहे. आधी सिव्हिलची पदवी घेऊन मग व्यवस्थापन शिकलेल्याला चिंता नाही. पण ज्याची मूळ पदवीच बांधकाम व्यवस्थापनाची, किंवा वाणिज्य शाखेची, त्याने समकक्षता सिद्ध कशी करायची? गंमत पाहा, आयटीआयच्या सिव्हिल ड्राफ्ट्समनला पुरेशा अनुभवानंतर सुपरवायझरचा परवाना मागता येतो. याला तोही अवघड. २०१६ च्या रेरा कायद्यातही प्रकल्पाच्या खात्यातून पैसे काढायला अभियंता, वास्तुविशारद आणि सनदी लेखापाल यांचे दाखले लागतात. व्यवस्थापकाचे नाव तिथेही नाही.

नियम अगदीच निराधार आहे असे मी म्हणणार नाही. स्लॅब कोसळला तर जबाब सही करणाऱ्याला द्यावा लागतो. तुळई-खांबांचे गणित त्याला यायलाच हवे. पण काम वेळेत, सुरक्षित पार पाडणे हीदेखील स्वतंत्र विद्या आहे. ब्रिटनमध्ये १८३४ साली स्थापन झालेल्या बांधकाम व्यावसायिकांच्या संस्थेला १९८० मध्ये राजसनद मिळाली. ती बांधकाम व्यवस्थापकांना सनदी दर्जा देते.

म्हणून पालकांनो, फी भरण्यापूर्वी दोन प्रश्न विचारा. प्रमाणपत्रावर शाखा कोणती छापली जाईल? आणि ही पदवी सिव्हिलला समकक्ष असल्याचा शासनाचा लेखी आदेश आहे का? तोंडी 'हो' घेऊ नका. ज्यांनी प्रवेश घेतलाच आहे, त्यांनी निराश होऊ नये. बारावी विज्ञान झालेल्यांना तंत्रनिकेतनात सिव्हिल पदविकेच्या थेट दुसऱ्या वर्षाला प्रवेश घेता येतो. दोन वर्षे जास्त जातील, पण सही आपली होईल.