चाकूचें पोलाद : छाप आणि परीक्षा

घडीचा चाकू विकत घेणाऱ्यापुढें आज पहिला प्रश्न पोलादाचा असतो. उंची चाकूच्या पात्याच्या मुळाशीं पोलादाचें नांव कोरलेलें असतें, व बहुतेक किंमत त्या नांवावर ठरते. परंतु तें नांव खरें कशावरून? आणि खरें असलें तरी तें पोलाद आपल्या कामास योग्य कशावरून? हे दोन्ही प्रश्न जुने आहेत. मुंबईहून विलायतेस गेलेल्या पोलादाच्या एका लहानशा चाकूची परीक्षा इ. स. १७९५ पूर्वीं झाली व तिचें टिपण छापून राहिलें. त्या टिपणाच्या आधारें या प्रश्नांचा विचार करण्याचें आम्हीं योजिलें आहे.

हा विचार उल्हासनगर, अंबरनाथ व बदलापूर या पट्ट्यांतील वाचकांस परका वाटूं नये. अंबरनाथच्या शिवालयांतील शिलालेखांत शके ९८२, म्हणजे इ. स. १०६०, हा काल व शिलाहार राजा माम्वाणि याचें नांव आहे. तेथील काळ्या कातळावरचें कोरीव काम ज्यानें पाहिलें, त्यास टाकीच्या टोंकाचें महत्त्व वेगळें सांगावयास नको. उल्हासनगर हें कल्याणजवळच्या युद्धकालीन लष्करी छावणींत, सिंधमधून आलेल्या निर्वासितांच्या वस्तींतून उभें राहिलें, ता. ८ ऑगस्ट १९४९ रोजीं चक्रवर्ती राजगोपालाचारी यांच्या हस्तें त्यास सध्यांचें नांव मिळालें. या लोकांनीं शून्यांतून कारखाने उभारले. परदेशी मालाची हुबेहूब नक्कल व तिजवरील ‘मेड इन यूएसए’ या छापेचा ‘उल्हासनगर सिंधी असोसिएशन’ असा विनोदी अर्थ सर्वतोमुखीं आहे. या विनोदावरून ह्या गांवास हिणविण्याची चाल पडली आहे. ती अन्यायाची आहे, हें इतिहासच दाखवून देतो.

मराठ्यांच्या शस्त्रांत ‘फिरंग’ प्रसिद्ध आहे. लांब, सरळ, युरोपांत घडलेलें पातें आणि त्यास एतद्देशीय मूठ, असें तिचें सामान्य स्वरूप. त्या पात्यांवर युरोपीय कारागिरांच्या खुणा असत, व त्या खुणांस येथें इतका मान होता कीं, आपले कारागीरही स्वतः घडविलेल्या पात्यांवर तशाच खुणा उठवीत. पण मूळ खुणा तरी कितपत खऱ्या होत्या? धावत्या लांडग्याची खूण प्रथम पासाउ या शहराची. पुढें ती जर्मनीतील झोलिंगेनच्या लोहारांनीं उचलली. त्याच लोहारांनीं स्पेनांतील टोलेडोच्या नामांकित कारागिरांचीं नांवें आपल्या पात्यांवर सर्रास कोरलीं. म्हणजे नकलेची नक्कल येथें होत होती. तात्पर्य, खोट्या छापेचा धंदा उल्हासकांठीं जन्मला नाहीं, आणि केवळ छाप पाहून पोलाद ओळखूं जाणारा मनुष्य त्या काळींही फसत असे.

आतां परीक्षेकडे वळूं. मुंबईस राहणारे डॉ. हेलेनस स्कॉट यांनीं लंडनच्या रॉयल सोसायटीचे अध्यक्ष सर जोसेफ बँक्स यांजकडे ‘वुट्झ’ नांवाच्या पोलादाचे नमुने पाठविले. हा शब्द कानडी ‘उक्कु’ याचें विकृत रूप होय, असें सामान्यतः मानितात. स्कॉट यांनीं सोबतच्या पत्रांत कळविलें कीं, हें पोलाद फार कठिण असून लोखंड कांतण्यास, दगड फोडण्याच्या छिन्न्यांस, कानशींस व करवतींस वापरतात. मात्र तें मंद लाल तापापलीकडे तापविलें तर टिकत नाहीं, त्यामुळें लोहारास काम फार वेळखाऊ होतें. डॉ. जॉर्ज पीअर्सन यांनीं या नमुन्यांवर प्रयोग करून इ. स. १७९५ त निबंध प्रसिद्ध केला.

त्या निबंधांतील सर्वांत बोलका भाग चाकूचा आहे. बँक्स यांच्या इच्छेवरून लंडनचा हत्यारें करणारा कारागीर जेम्स स्टोडार्ट यानें वुट्झचा एक तुकडा घडवून पिसाची लेखणी तासण्याचा चाकू केला. अंधारांत जेमतेम तांबूस दिसेल एवढ्याच तापावर त्यानें तो ठोकला, व पाणी दिल्यानंतरची उतरती आंच ४५० अंश फॅरनहाइट, म्हणजे सुमारें २३२ अंश सेल्सियस, इतकी ठेविली. उत्तमांतल्या उत्तम विलायती पोलादाच्या चाकूइतकी त्याची धार उतरली. घडविण्याचे कष्ट ध्यानांत घेऊनही अनेक कामांस हें पोलाद इंग्लंडांतील कोणत्याही पोलादाहून सरस आहे, असें मत स्टोडार्टनें दिलें, व शस्त्रक्रियेच्या हत्यारांस तें विशेष उपयोगी पडेल असें सुचविलें. पुढें तो या पोलादाचे वस्तरे विकूं लागला, आणि मायकेल फॅरडे याच्यासह त्यानें पोलादाच्या मिश्रणांवर जे प्रयोग केले ते १८२० व १८२२ सालीं प्रसिद्ध झाले.

येथें एका गोष्टीची चिकित्सा आवश्यक आहे. पीअर्सनच्या निबंधाच्या मथळ्यांत हें पोलाद मुंबईस तयार होतें असें म्हटलें आहे. परंतु ज्या ठिकाणच्या मुशी प्रत्यक्ष पाहून लोकांनीं वर्णनें लिहिलीं, तीं ठिकाणें म्हैसूर प्रांत, सेलम आणि तेलंगणांतील कोनसमुद्रम् हीं होत. कोनसमुद्रम् येथें इराणी व्यापारी पोलाद खरेदीस येऊन राहत, असें व्हॉयसी याच्या १८३२ सालीं छापलेल्या टिपणांत आहे. तेव्हां मथळ्यांतील ‘मुंबई’ हें मालाच्या जन्मस्थानाचें नांव नसून तो ज्या बंदरांतून गेला त्याचें असावें, असें आम्हांस वाटतें. विद्वानांच्या निबंधासही अशी छाप चिकटते ती अशी!

वुट्झच्या गुणाचें मर्म आतां उलगडलें आहे. त्यांत कर्बाचें प्रमाण शेंकडा सुमारें दीड असतें. हा कर्ब लोखंडाशीं संयोग पावून अतिकठिण कण बनतात, व तेच धार टिकवितात. त्याच कर्बामुळें पोलाद कमी तापावर वितळूं लागतें; म्हणून जास्त तापविलेला तुकडा हातोड्याखालीं फुटतो. स्कॉटची तक्रार व स्टोडार्टची सावधगिरी या दोहोंचें कारण हेंच.

आजच्या उंची चाकूंचें पोलाद याच विचाराचा विस्तार होय. ‘डी टू’ या पोलादांत कर्ब शेंकडा दीड व क्रोमियम बारा. ‘एस थर्टी व्ही’ हें अमेरिकेंतील क्रूसिबल कंपनीनें २००१ सालीं काढलें. कंपनीच्या नांवाचा अर्थच ‘मूस’. त्यांत कर्ब १.४५, क्रोमियम १४ व व्हॅनेडियम ४ असून, वितळलेल्या धातूची भुकटी करून ती दाबून एकजीव करितात, त्यामुळें कठिण कण बारीक व सारखे पसरतात. उलट स्वीडनच्या ‘फोर्टीन सी ट्वेंटीएट एन’ मध्यें कर्ब अवघा ०.६२ व क्रोमियम १४. त्याची धार लवकर उतरते, पण सहज लागते, व पातें चिवट राहून सहसा तुटत नाहीं.

निवड करितांना स्थळकाळ पाहिला पाहिजे. उल्हासच्या खोऱ्यांत चार महिने हवा ओलसर असते. ‘डी टू’ मधील बराच क्रोमियम कर्बाशीं गुंतून पडतो, म्हणून बारा टक्के असूनही तें पोलाद पावसाळ्यांत गंजतें. तें रोज पुसून तेल लावणाऱ्यानेंच घ्यावें. फळें-भाजी कापणारास स्वीडिश पोलाद बरें. पुठ्ठा व दोर सतत कापणारास व्हॅनेडियमयुक्त पोलाद लाभाचें. मात्र तें साध्या दगडावर धार घेण्यास फार वेळ लावतें, त्यास हिऱ्याच्या कणांची पट्टी हवी. शिवाय पाणी नीट दिलेलें नसेल तर सर्वोत्तम पोलादही व्यर्थ जातें. क्ष-किरणांच्या यंत्रानें पात्यास इजा न होतां क्रोमियम व व्हॅनेडियम कळतात. परंतु हातांतील यंत्रानें कर्ब कळत नाहीं, आणि पाणी कसें दिलें आहे हें तर मुळींच कळत नाहीं. तें धार लावून, कापून, पुन्हां पाहूनच कळावयाचें. स्टोडार्टनें तेंच केलें.

शेवटीं एक विनंति. कल्याणपासून बदलापूरपर्यंतच्या जुन्या घरांत अडकित्ते, चाकू, कट्यारी अद्याप असतील. गंज काढण्याच्या भरांत त्या सहाणेवर घासूं नयेत. घासल्यानें पात्याच्या अंगावरील पाण्याच्या लहरींसारखी नक्षी जाते, आणि तीच पुष्कळदां मुशींतल्या पोलादाची साक्ष असते. पातें कोरड्या फडक्यानें पुसून तेलाचा हात द्यावा, वरील खुणेचा ठसा कागदावर घ्यावा, लांबी व वजन लिहून ठेवावें, आणि तें कोणाकडून आलें तें वडील माणसांस विचारून टिपावें. छाप पुन्हां उठवितां येते. घासून गेलेली साक्ष परत येत नाहीं.