मदत आणि मजुरी

बेकारास अन्न देणे ही एक गोष्ट आणि काम देणे ही दुसरी. धर्मग्रामात मदतनिधी वाटणाऱ्यास हा भेद रोज जाणवतो. तोच भेद एका बलाढ्य राष्ट्रापुढे कसा उभा राहिला, हे महामंदीच्या काळातील अमेरिकेच्या अनुभवावरून पाहता येते.

१९२९ च्या ऑक्टोबरात न्यूयॉर्कचा शेअरबाजार कोसळला. पुढे बँका बुडाल्या, कारखाने बंद पडले आणि १९३३ पर्यंत दर चार कामकऱ्यांपैकी सुमारे एक बेकार झाला. गरिबांचा भार तोवर स्थानिक संस्था व धर्मादाय मंडळे वाहत असत. त्यांचे निधी आटले. मार्च १९३३ मध्ये राष्ट्राध्यक्ष झालेल्या रूझवेल्ट यांनी प्रथम राज्यांना मदतीसाठी अनुदान दिले. परंतु धडधाकट माणसास दीर्घकाळ नुसत्या मदतीवर ठेवल्यास त्याचे मन खचते, असे त्यांचे व मदतकार्याचे प्रमुख हॅरी हॉपकिन्स यांचे मत होते. म्हणून मदतीची जागा मजुरीने घ्यावी, असे धोरण ठरले.

तरुणांसाठी १९३३ मध्येच वनसंवर्धन दल निघाले. प्रारंभी १८ ते २५ वयाच्या अविवाहित युवकांना त्यात घेत. त्यांना छावणीत राहणे-जेवणे मिळे आणि महिना ३० डॉलर वेतन मिळे. त्यांतील सुमारे २५ डॉलर थेट घरी पाठविले जात. म्हणजे मुलाच्या श्रमावर कुटुंबाची चूल पेटे. १९४२ पर्यंत या दलाने सुमारे ३०० कोटी झाडे लावली. १९३५ मध्ये स्थापन झालेल्या राष्ट्रीय युवक प्रशासनाने विद्यार्थ्यांना अर्धवेळ काम देऊन त्यांचे शिक्षण तुटू दिले नाही.

प्रौढांसाठीची मोठी योजना १९३५ ते १९४३ या काळात चालली. तिच्यात एकूण सुमारे ८५ लक्ष लोकांनी काम केले. त्यांनी रस्ते, पूल व शाळा बांधल्या. विशेष म्हणजे लेखक, चित्रकार व नट यांनाही त्यांच्याच विद्येचे काम मिळाले. पूर्वी गुलाम असलेल्या दोन हजारांहून अधिक वृद्धांच्या आठवणी त्यामुळेच लिहून ठेवल्या गेल्या.

तथापि या योजनांच्या उणिवाही ध्यानात घेतल्या पाहिजेत. सामान्यतः एका कुटुंबातील एकासच काम मिळे; त्यामुळे अनेक विवाहित स्त्रिया वगळल्या गेल्या. वनसंवर्धन दलात कृष्णवर्णीयांच्या छावण्या बहुधा वेगळ्या असत. मुख्य म्हणजे काम हा हक्क नव्हता. निधी असेल तितक्यांनाच ते मिळे आणि कित्येक गरजू बाहेर राहत. महायुद्धाच्या उत्पादनाने रोजगार वाढला, तेव्हाच ही बेकारी ओसरली.

हक्काचे ते पाऊल पुढे महाराष्ट्राने टाकले. १९७२ च्या दुष्काळाच्या सुमारास सुरू झालेल्या रोजगार हमी योजनेस १९७७ च्या कायद्याने ग्रामीण प्रौढांच्या हक्काचे रूप दिले. अमेरिकेच्या अनुभवात जे राहून गेले होते, ते हेच. काम मागणारा दारी येतो, तेव्हा तो याचक नसतो. समाजाकडे पडून राहिलेले आपले सामर्थ्य तो परत मागत असतो. त्याच्या हाती मदत ठेवण्यापूर्वी, त्याला काय करता येते हे आपण विचारतो काय?