प्रयोगशाळेतील जुना संगणक : सॉफ्टवेअर का बसत नाही आणि धोका कोठे आहे

मृदा आरोग्य पत्रिकेसाठी जमिनीचे बारा गुणधर्म तपासले जातात. त्यांपैकी जस्त, लोह, मँगनीज आणि तांबे यांचे प्रमाण सामान्यतः ॲटॉमिक ॲब्झॉर्प्शन स्पेक्ट्रोफोटोमीटरवर मोजले जाते. हे उपकरण महाग असते आणि निगा राखल्यास दीर्घकाळ चालते. त्याच्यासोबत आलेला संगणक मात्र त्याच्याइतका दीर्घायुषी नसतो. उपकरणाचे सॉफ्टवेअर ज्या विंडोज एक्सपीसाठी किंवा विंडोज ७ साठी लिहिले गेले, त्यापुढील विंडोजवर ते चालेलच असे नाही, आणि उत्पादक कंपनीकडून नवी आवृत्ती घेण्याचा खर्च अनेकदा अंदाजपत्रकात बसत नाही. परिणामी उपकरणाशेजारी एक जुना संगणक वर्षानुवर्षे तसाच राहतो. शेतकरी उत्पादक कंपन्यांच्या कार्यालयांतही असे संगणक आढळतात; तेथे कारण बहुधा जुन्या मराठी फॉण्टमध्ये टंकलेल्या सभासदांच्या नोंदी किंवा डोंगल लावल्याशिवाय न उघडणारे हिशेबाचे सॉफ्टवेअर हे असते.

असा संगणक ठेवणे ही चूक नव्हे. अडचण सुरू होते ती त्याच्यावर नवे काम सोपवल्यावर. पोर्टलवर माहिती भरायची असते, नवा प्रिंटर जोडायचा असतो, आणि सॉफ्टवेअर काही केल्या बसत नाही.

सर्वप्रथम पडद्याच्या उजव्या कोपऱ्यातील तारीख पाहावी. मदरबोर्डवर सीआर २०३२ ही नाण्याएवढी बॅटरी असते. ती संपली की मुख्य बटण बंद करताच किंवा वीज जाताच संगणकाचे घड्याळ कित्येक वर्षे मागे जाते. प्रत्येक सुरक्षित संकेतस्थळाच्या प्रमाणपत्राला आरंभाची व समाप्तीची तारीख असते. घड्याळ चुकले की संगणकाच्या लेखी ते प्रमाणपत्र अवैध ठरते. सर्वच संकेतस्थळे एकाच वेळी ‘सुरक्षित नाही’ असे सांगू लागली, तर दोष बहुधा या किरकोळ बॅटरीचा असतो. तंत्रज्ञाला बोलावण्यापूर्वी ती बदलून पाहणे स्वस्त पडते.

काही संकेतस्थळे उघडतात आणि काही उघडत नाहीत, अशी स्थिती असल्यास कारण निराळे असते. आजची बहुतांश पोर्टले टीएलएस १.२ किंवा त्यापुढील पद्धतीने संदेश गुप्त करतात. विंडोज ७ मध्ये ती सोय आहे, परंतु प्रणालीच्या अनेक भागांत ती मुळात बंद ठेवलेली असते. शिवाय विश्वासार्ह प्रमाणपत्रांचा संगणकातील साठाही कालबाह्य होतो. ३० सप्टेंबर २०२१ रोजी असेच एक व्यापक वापरातील मूळ प्रमाणपत्र मुदतबाह्य झाले आणि जगभर अनेक जुन्या उपकरणांवर संकेतस्थळे उघडेनाशी झाली. ब्राउझरचेही तसेच आहे. क्रोमची विंडोज ७ वर चालणारी शेवटची आवृत्ती १०९ ही आहे, आणि ती २०२३ च्या आरंभीची आहे.

तिसरे कारण अनेकांच्या ध्यानात येत नाही. सॉफ्टवेअरच्या फाइलवर तिच्या निर्मात्याची अंकीय स्वाक्षरी असते. जुन्या पद्धतीची स्वाक्षरी बनावट करता येऊ शकते असे सिद्ध झाल्यावर उत्पादकांनी शा-२ ही नवी पद्धत स्वीकारली. विंडोज ७ ला ती ओळखता यावी म्हणून मायक्रोसॉफ्टने २०१९ मध्ये केबी ४४७४४१९ हे अद्यतन दिले. ते व सर्व्हिस पॅक १ नसलेल्या संगणकावर नवे ड्रायव्हर ‘स्वाक्षरी पडताळता येत नाही’ असे सांगून थांबतात. याखेरीज ३२ बिट प्रणालीवर ६४ बिट सॉफ्टवेअर बसतच नाही. अशा वेळी खटपट करीत बसण्यात अर्थ नाही.

खरा धोका याच टप्प्यावर निर्माण होतो. सॉफ्टवेअर बसत नाही म्हणून कोणी अँटीव्हायरस बंद करतो, कोणी सूचना डावलून पुढे जातो, तर कोणी अनोळखी संकेतस्थळावरून ‘क्रॅक’ केलेली प्रत उतरवून घेतो. स्वाक्षरीची तपासणी ही संगणकाच्या दारावरची राखण आहे. बियाण्याच्या पिशवीवरील सील व टॅग न पाहता पेरणी करणारा शेतकरी जी जोखीम पत्करतो, तीच येथेही पत्करली जाते.

मायक्रोसॉफ्टने विंडोज एक्सपीचे पाठबळ ८ एप्रिल २०१४ रोजी आणि विंडोज ७ चे १४ जानेवारी २०२० रोजी थांबवले. त्यानंतर सापडलेल्या त्रुटी सामान्य वापरकर्त्याच्या संगणकात तशाच उघड्या राहतात. मात्र जुनेपणा हा एकच दोष नव्हे. १२ मे २०१७ रोजी वॉनाक्राय या खंडणीखोर विषाणूने जगभर संगणकांतील फाइली कुलूपबंद केल्या, तेव्हा बहुतेकांनी दोष एक्सपीला दिला. पुढे कॅस्परस्की या कंपनीच्या पाहणीत बाधित संगणकांपैकी सुमारे ९८ टक्के विंडोज ७ चे असल्याचे दिसले. त्या वेळी विंडोज ७ ला पाठबळ होते आणि संबंधित त्रुटीवरील अद्यतन १४ मार्च रोजीच, म्हणजे दोन महिने आधी, उपलब्ध झाले होते. ते बसवलेले नव्हते, एवढेच.

दीड महिन्याने, २७ जून २०१७ रोजी, हा प्रश्न महाराष्ट्राच्या किनाऱ्यावर येऊन ठेपला. नॉटपेट्या नावाच्या विषाणूने मर्स्क या जहाज कंपनीचे जाळे ठप्प केले आणि न्हावा-शेवा येथील जवाहरलाल नेहरू बंदरात त्याच समूहाकडून चालवल्या जाणाऱ्या टर्मिनलचे संगणकीय काम थांबले. नाशिकची द्राक्षे आणि राज्यातील कांदा परदेशी निघतो, ते हेच बंदर. नॉटपेट्याची रीत ध्यानात घेण्याजोगी होती. जाळ्यातील एखाद्या अद्यतन नसलेल्या संगणकात शिरल्यावर तो तेथील स्मृतीत राहिलेले पासवर्ड उचलत असे आणि त्यांच्या आधारे अद्ययावत संगणकांतही प्रवेश करीत असे. कांदाचाळीत एक सडका कांदा राहिल्यास जे घडते, तेच येथे घडले. मर्स्कला दहा दिवसांत ४५,००० संगणक आणि ४,००० सर्व्हर नव्याने उभे करावे लागले.

म्हणूनच जुन्या संगणकाच्या बाबतीत पहिला निर्णय सॉफ्टवेअरचा नसून केबलचा असतो. उपकरण चालवण्यासाठी ठेवलेल्या संगणकाला इंटरनेट लागत नाही. त्याची नेटवर्क केबल काढून ठेवावी आणि वाय-फाय बंद करावे. पोर्टल, ई-मेल व बँकेचे व्यवहार दुसऱ्या, पाठबळ असलेल्या संगणकावर करावेत. ज्या सॉफ्टवेअरसाठी जुन्या संगणकाशी झुंजावे लागत होते, त्यातील बहुतेक मग तेथे बसवण्याची गरजच उरत नाही.

केबल काढली तरी पेनड्राइव्हची वाट उरते, आणि ग्रामीण कार्यालयांत तीच अधिक वाहती आहे. झेरॉक्सच्या दुकानातून आलेला पेनड्राइव्ह लावताच फोल्डर नाहीसे होऊन त्यांच्या जागी शॉर्टकट दिसू लागतात, हा अनुभव अनेकांना असेल. त्या वेळी फाइली बहुधा नष्ट झालेल्या नसून लपवलेल्या असतात. शॉर्टकटवर क्लिक न करता तो पेनड्राइव्ह नव्या संगणकावर तपासून घ्यावा आणि घाबरून फॉरमॅट करू नये. उपकरणाच्या संगणकासाठी एकच पेनड्राइव्ह राखून ठेवावा व त्यावर तसे चिकटपट्टीने लिहावे.

रिझर्व्ह बँकेने २१ जून २०१८ रोजी एटीएम यंत्रांतील जुन्या प्रणालींबाबत बँकांना दिलेला आदेश या दृष्टीने वाचनीय आहे. सर्व यंत्रांची प्रणाली बदलण्यासाठी टप्प्याटप्प्याने जून २०१९ पर्यंत मुदत होती. परंतु बायोसला पासवर्ड देणे, यूएसबी पोर्ट व ऑटोरन बंद करणे आणि उपलब्ध अद्यतने बसवणे ही कामे ऑगस्ट २०१८ पर्यंतच संपवायची होती. यांपैकी बरेच काही प्रयोगशाळेतही एका दुपारी, कोणत्याही खर्चाविना होऊ शकते. यूएसबीचा राखीव पेनड्राइव्ह वापरावा लागत असल्यास निदान ऑटोरन तरी बंद असावे.

मात्र यातील कशालाही हात लावण्यापूर्वी हार्ड डिस्कची संपूर्ण प्रतिमा, म्हणजे क्लोन, दुसऱ्या डिस्कवर काढून ठेवावी. केवळ फाइलींची प्रत पुरत नाही. उपकरणाची मूळ सीडी हरवलेली असते, परवान्याचा क्रमांक कोणाला सापडत नाही, आणि जुनी डिस्क बंद पडली की चालू उपकरणही निरुपयोगी होते. क्लोन असल्यास नवी डिस्क बसवून काम पुन्हा सुरू करता येते. तपासणी निकालांची प्रत दर आठवड्याला वेगळ्या डिस्कवर घेऊन ती संगणकापासून काढून ठेवावी. जोडलेली डिस्क खंडणीखोर विषाणू मूळ फाइलींबरोबरच कुलूपबंद करतो.

विंडोज १० चे नियमित पाठबळही १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपले आहे. विंडोज ११ ला टीपीएम २.० ही चिप आणि तुलनेने नवा प्रोसेसर लागतो, त्यामुळे सुस्थितीतील अनेक संगणक त्यास पात्र ठरत नाहीत. केवळ ब्राउझर, पत्रव्यवहार आणि तक्त्यांसाठी वापरल्या जाणाऱ्या अशा संगणकांवर लिनक्स बसवता येते. भारतात सी-डॅकने विकसित केलेली बॉस लिनक्स ही त्यातीलच एक. तत्पूर्वी कार्यालयातील प्रिंटर, डिजिटल स्वाक्षरीचा टोकन आणि बोटांचे ठसे घेणारे यंत्र त्यावर चालते की नाही, हे पेनड्राइव्हवरून लिनक्स सुरू करून पाहावे; त्यासाठी हार्ड डिस्कवरील विंडोजला धक्का लागत नाही.