शहाबादी दगडावरचा राजा

कोथरूडमधल्या आमच्या जुन्या घरात अजून शहाबादी फरशी आहे. हा दगड येतो कुठून, असा प्रश्न मला कधी पडला नव्हता. तो पडला कनगनहळ्ळीची शिल्पे पाहिल्यावर. कलबुर्गी जिल्ह्यात सन्नतीजवळ भीमेच्या काठी हे गाव आहे. शहाबादही त्याच जिल्ह्यात. आमच्या मुठेचे पाणी भीमेला मिळून याच परिसरातून पुढे जाते.

१९८६ मध्ये सन्नतीच्या चंद्रलांबा मंदिराच्या आवारातील कालीमंदिराचे छत कोसळले आणि देवीच्या मूर्तीखालचा दगड म्हणजे अशोकाचा शिलालेख असल्याचे उघड झाले. पुढे १९९४ पासून भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षणाने जवळच्या कनगनहळ्ळीत उत्खनन केले. तेथे चुनखडकाच्या शिल्पपट्टांनी मढवलेला भव्य स्तूप सापडला. एका पट्टावर राजा, शेजारी राणी, भोवती छत्र-चामरे धरलेल्या दासी आहेत. वर ब्राह्मी लिपीत, प्राकृतात दोनच शब्द: ‘रायो असोको’, राजा अशोक.

हा अशोकाचा खरा चेहरा मानावा काय? माझ्या मते, नाही. हे शिल्प अशोकानंतर काही शतकांनी, सातवाहनकाळात घडले. शिल्पकाराने त्याला पाहिलेले नव्हते, पाहणाऱ्यांनीही नाही. म्हणून तर नाव कोरावे लागले. अक्षरे झाकली, तर उरतो तो कोणीही राजा. लेख आपल्याला अशोक कसा दिसत होता हे सांगत नाही. भीमेकाठी त्याची आठवण जिवंत होती, हे सांगतो.

त्याच स्तूपावर सातवाहन राजेही नावानिशी आहेत. एका पट्टावर राजा सातकणि महाचैत्याला रुप्याची कमळे अर्पण करतो. अशोकाच्या पंगतीत स्वतःचे राजे बसवणे, हे मला त्या काळच्या लोकांचे इतिहासलेखनच वाटते.

आपल्या पुणे जिल्ह्यात, जुन्नरजवळच्या नाणेघाटातही सातवाहन राजघराण्याच्या मूर्ती होत्या. सिमुक, नायनिका, सातकणि ही नावे तिथल्या भिंतीवर कोरलेली आहेत, पण मूर्ती नष्ट झाल्या. उरले ते पावलांचे अवशेष. नाणेघाटात नावे आहेत, माणसे नाहीत. कनगनहळ्ळीत दोन्ही एकत्र टिकली. म्हणून नाणेघाट पाहून आलेल्याने एकदा भीमेच्या काठाने खाली जावे आणि ही शिल्पे पाहावीत, असे मला वाटते.