झिजलेला सिलिंडर : दुरुस्त करावा की नवा बसवावा?

एप्रिल २०१६ मध्ये मिरजेहून रेल्वेने पाणी आणून लातूर शहराची तहान भागवावी लागली. त्याच वर्षी मांजरा नदीच्या पात्रातील गाळ काढण्याचे काम लोकसहभागातून हाती घेण्यात आले. २०१७ मध्ये राज्य शासनाने ‘गाळमुक्त धरण, गाळयुक्त शिवार’ ही योजना सुरू केली. अशा कामांचा भार मुख्यतः पोकलेन व जेसीबी या यंत्रांवर असतो. तलाव आटल्यापासून मृगाचा पाऊस पडेपर्यंतचे मोजके दिवस हाच या कामाचा हंगाम होय. त्यातच यंत्राचा हायड्रॉलिक सिलिंडर गळू लागला, तर गावाचे काम थांबते आणि यंत्रमालकाच्या डोक्यावरील कर्जाचा हप्ता मात्र थांबत नाही. अशा वेळी सिलिंडर दुरुस्त करावा की नवा घ्यावा, हा निर्णय घाईने न घेता तपासणीअंती घेणे इष्ट ठरते.

बंदिस्त द्रवावर दिलेला दाब सर्व दिशांना सारखाच पोहोचतो, या पास्कलच्या नियमावर सिलिंडरचे कार्य चालते. १०० मिलिमीटर अंतर्व्यासाच्या सिलिंडरमध्ये तेलाचा दाब २०० बार असेल, तर पिस्टन सुमारे १६ टन बळाने दांडा पुढे ढकलतो. एवढे बळ पेलणाऱ्या भागात दोष राहू देणे धोक्याचे आहे.

दोष नेमका कोठे?

दांड्याभोवती तेल पाझरत असेल, तर तोंडाकडील सील निकामी झाले असा संशय घ्यावा. बाहेर तेल दिसत नाही, पण उचललेले बकेट हळूहळू खाली येते, तेव्हा दोष पिस्टनच्या सीलमध्ये किंवा नियंत्रण व्हॉल्व्हमध्येही असू शकतो. यासाठी जाणकार मिस्त्री दांडा पूर्ण बाहेर काढून, दाब उतरवून, दांड्याच्या बाजूची नळी सोडवितो व दुसऱ्या बाजूने बेताचा दाब देतो. मोकळ्या तोंडातून तेल येतच राहिले, तर पिस्टनचे सील गेले असे समजावे. ही तपासणी न करता सिलिंडर बदलल्यास खर्च होतो आणि दोष तसाच राहतो.

गळतीची जागा हाताने चाचपणे सर्वथा टाळावे. सूक्ष्म छिद्रातून उडणारी तेलाची धार कातडी भेदून आत शिरते. जखम क्षुल्लक दिसली तरी रुग्णास तत्काळ रुग्णालयात नेणे अगत्याचे असते. गळती पुठ्ठ्याच्या तुकड्याने शोधावी.

दुरुस्ती केव्हा, बदल केव्हा?

केवळ सील झिजले असतील, तर सील किट बदलणे पुरेसे होते. नळकांड्याच्या आतील बारीक ओरखडे होनिंग करून काढता येतात. दांड्यावरील क्रोमचा थर गंजला वा उडाला असल्यास जुना थर काढून नवा चढविता येतो. परंतु नळकांड्यात खोल चरे पडले असतील, ते फुगले असेल वा त्यास तडा गेला असेल, तर नवा सिलिंडर घेणेच श्रेयस्कर. तडा गेलेल्या नळकांड्यास वेल्डिंग केल्याने उष्णतेमुळे त्याचा आतील आकार बिघडतो आणि दाबाखाली ते फुटण्याचा संभव राहतो. फार वाकलेला दांडाही सरळ करून वापरू नये.

दोन्ही मार्ग खुले असतील, तेथे हिशेब करावा. दुरुस्तीचा खर्च नव्याच्या किमतीच्या निम्म्याहून अधिक होत असेल तर नवा घ्यावा, असा एक ढोबळ आडाखा आहे. तथापि किती काळ काम मिळेल, तेही पाहिले पाहिजे. समजा, नवा सिलिंडर ४०,००० रुपयांचा असून पाच वर्षे टिकणार आहे. म्हणजे वर्षाला ८,००० रुपये पडले. जुन्यावर १५,००० रुपये खर्चून तो एकच वर्ष चालणार असेल, तर स्वस्त वाटणारी दुरुस्ती जवळजवळ दुप्पट महाग पडते. तीच दुरुस्ती तीन वर्षे टिकणार असेल, तर वर्षाला ५,००० रुपयेच पडतात आणि ती फायद्याची ठरते. यंत्र बंद राहिल्याने बुडणारी मिळकतही या हिशेबात धरावी. ऐन हंगामात तयार सिलिंडर बसवून काम चालू ठेवावे आणि जुना पावसाळ्यात दुरुस्त करून राखीव ठेवावा, हाही एक व्यवहार्य मार्ग आहे.

मूळ कारण दूर व्हावे

काळ्या मातीची धूळ व चिखल दांड्यावरून आत शिरतो, तेल गढूळ होते आणि सील झिजतात. पिना व बुश सैल झाल्यास दांड्यावर आडवा ताण येऊन नळकांडे एका बाजूने झिजते. ही कारणे तशीच राहिली, तर नवा सिलिंडरही लवकरच निकामी होईल. म्हणून यंत्रचालकांनी दांडा रोज पुसावा, तेल व फिल्टर वेळेवर बदलावे, पिनांना नियमित ग्रीस द्यावे आणि प्रत्येक दुरुस्तीची तारीख व खर्च वहीत नोंदवून ठेवावा. पुढील वेळी निर्णय घेताना ही नोंदच उपयोगी पडेल.